नापास, पण नेमकी कशात?

आमच्या आणि अक्कांच्या घराच्या मध्ये कमरेइतकी भिंत आहे. मैसूरच्या सरस्वतीपुरमची जुनी घरं अशीच. पलीकडे त्यांचा कढीपत्ता, अलीकडे आमची मल्लिगे, आणि भिंतीच्या माथ्यावर सकाळी दहाला कॉफीचे दोन लोटे. नवरेमंडळी पेपरात डोकं घालून बसलेली असतात, तेवढ्यात गल्लीचं कामकाज उरकून घ्यायचं.

"कळलं का?" अक्का म्हणाल्या.

अक्कांचं 'कळलं का' म्हणजे त्यांना सगळं कळलेलं असतं. आपल्या माहितीशी ताळा करून बघायचा असतो, इतकंच.

"कोपऱ्यावरची धाकटी ना? कॉलेजला सुट्टी लागली म्हणून आलीय म्हणे."

"भर आषाढात कसली गं सुट्टी? मागच्या शुक्रवारी चामुंडीच्या रांगेत दिसल्या मला मायलेकी. पोरीचं तोंड एवढंसं झालेलं, आणि आई देवीसमोरून हलायला तयार नाही. पोलीस 'मुंदे होगी, मुंदे होगी' करतोय, ही आपली डोळे मिटून उभी. सुट्टीवर आलेल्या पोरीसाठी कुणी देवीला एवढं धरून बसत नाही."

"म्हणजे नापास?"

"दुसऱ्यांदा."

आता खरं तर मलाही थोडं ठाऊक होतं. आमच्या कोपऱ्यावर नंदिनी दुधाचा बूथ आहे, तिथे या विषयावर आधीच तीन मतं तयार होती. पहिलं मत, मुलगी रक्त बघून चक्कर येऊन पडली. दुसरं, केरळच्या कुणा मुलाबरोबर काहीतरी आहे. (मैसूरला नर्सिंग कॉलेज म्हटलं की केरळची मुलं आलीच, आणि ती आली की बूथवरच्या लोकांची कल्पनाशक्ती जागी होते.) तिसरं मत साडेसातीचं. मी तिन्ही अक्कांसमोर मांडली.

"सुम्ने काहीतरी बोलतात," अक्का म्हणाल्या. "रक्त बघून पहिल्या वर्षी कोण पडत नाही? मी स्वतः मिरजेला ड्रेसिंगच्या ट्रॉलीसकट पडले होते. मॅट्रननं पाणी मारलं आणि म्हणाल्या, ऊठ, आता त्या बँडेजच्या घड्या तुलाच घालायच्या आहेत."

अक्का मूळच्या बेळगावच्या. मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलात शिकल्या, लग्न होऊन मैसूरला आल्या. यजमान अशोकपुरमच्या रेल्वे वर्कशॉपात होते. पुढची सगळी वर्षं अक्कांनी इथल्या वॉर्डांमध्ये काढली. निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी गल्लीत कुणाला ताप आला की डॉक्टरच्या आधी अक्कांना हाक जाते. त्यामुळे या विषयावर बोलायचा हक्क बूथपेक्षा त्यांचा मोठा.

"लोक विचारतात, नापास कशी झाली," त्या म्हणाल्या. "मी विचारते, कशात झाली. लेखी पेपरात पडली, वॉर्डात पडली, की हजेरीत अडकली? तिन्ही वेगळी दुखणी आहेत. बीएस्सी नर्सिंगला थिअरीत निम्मे मार्क पाहिजेत आणि प्रॅक्टिकलला निम्मे, दोन्ही वेगवेगळे. एकात नव्वद मिळाले म्हणून दुसऱ्यातलं भरून निघत नाही. हजेरी 80 टक्के नसेल तर हॉल तिकीटच नाही. आणि वॉर्डातली ड्युटी तर शेवटी शंभर टक्के भरावी लागते, त्याशिवाय पदवी हातात येत नाही. वर्गात दांडी चालेल, पेशंटसमोरची चालत नाही. बरोबरच आहे की!"

एवढ्यात गेटची कडी वाजली. कोपऱ्यावरच्या वैनी स्वतःच. कढीपत्ता मागायला आल्या होत्या, निदान तसं म्हणाल्या. आम्ही दोघी एकदम मल्लिगेच्या कळ्यांबद्दल बोलू लागलो. पण वैनींना काय ते कळलं, आणि त्यांनीच पदर डोळ्यांना लावला.

"लपवून काय करू अक्का? ह्यांनी तर ठरवलंय. बी. कॉम.ला घालायचं, नाही जमलं तर बेंगळूरूला कुठेतरी फोनवर बोलायची नोकरी. सासूबाई म्हणतात, स्थळं बघा. मी म्हटलं, निदान मुक्त विद्यापीठातून घरबसल्या नर्सिंग पूर्ण करता येईल का? इथे मानसगंगोत्रीला तर आहे, सायकलनं जाता येतं."

"घरबसल्या नर्स होता येत नाही वैनी. सुई पोस्टानं टोचता येत नाही," अक्का म्हणाल्या. "पोरीला बोलवा. आणि मार्क्स कार्ड घेऊन ये म्हणावं."

मुलगी आली ती मान खाली घालून. कार्ड अक्कांच्या हातात दिलं आणि कढीपत्त्याच्या आडोशाला उभी राहिली. अक्कांनी चष्मा लावला. मीही भिंतीवरून मान लांब केली, आता शेजारधर्म म्हटल्यावर एवढं आलंच.

कार्ड वाचलं तर कथा अगदी वेगळी निघाली. नर्सिंग फाउंडेशन छान सुटलेलं. प्रॅक्टिकल उत्तम. सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी पास. अडलं होतं ते एकाच ठिकाणी, अॅनाटॉमी-फिजिऑलॉजीच्या पेपरात. 2021 च्या नव्या अभ्यासक्रमात सेमिस्टर पद्धत आली, आणि हे दोन्ही विषय पहिल्याच सेमिस्टरला, एकाच पेपरात. बारावीचा निकाल लागून घाम वाळलेला नसतो तोवर हाडं, स्नायू, हृदयाचे कप्पे आणि मूत्रपिंडाचं सगळं कामकाज एका दमात.

"वॉर्डात कसं वाटतं गं?" अक्कांनी विचारलं.

"वॉर्ड आवडतो आजी." पहिल्यांदा मान वर झाली. "इन-चार्ज सिस्टर मला बीपी घ्यायला पाठवतात. पण पेपरात... मला येतं, पण इंग्लिशमध्ये लिहिता येत नाही. दहावीपर्यंत कन्नड मीडियम. प्रश्न वाचून होईपर्यंतच वेळ जातो."

अक्कांनी आमच्याकडे बघितलं. बूथवरची तिन्ही मतं तिथेच निकालात निघाली.

"ही नर्सिंगमध्ये नापास झालेली नाही," अक्का म्हणाल्या. "ही इंग्रजीत अडकलीय, आणि तेसुद्धा एका पेपरात. ह्याच्यासाठी बी. कॉम.? पायाला काटा लागला म्हणून गाव सोडायचं?"

वैनींचा मुख्य धसका असा की दोनदा नापास म्हणजे दार बंद. तसं काही नाही. चार वर्षांचा हा कोर्स पुरा करायला नियमानं आठ वर्षांपर्यंत मुदत आहे. मधल्या काळात पुढच्या सेमिस्टरच्या वर्गात बसू देतात, ड्युट्या करू देतात. फक्त ठरावीक टप्प्यांवर मागचं सगळं सुटलेलं असलं तरच पुढच्या परीक्षेला बसता येतं. म्हणजे वाया जाणारं काय ते थोडे महिने आणि परीक्षेची फी. पण हे घरात कुणी नीट सांगितलं नव्हतं. कॉलेजच्या ऑफिसात वडील गेले तर क्लार्कनं 'बॅक आहे' एवढंच म्हटलं, आणि वडिलांनी ते 'परत पाठवलंय' असं ऐकलं. (कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. त्या क्लार्कलाही घरी कुणी असेल.)

मग अक्कांनी अभ्यासाचं फर्मान काढलं. त्या एकदा वॉर्ड सिस्टरच्या आवाजात बोलायला लागल्या की मध्ये बोलायची सोय नसते. "आधी तुझ्या हॉस्टेलच्या केरळच्या पोरींत जाऊन बस. त्या एकेकट्या अभ्यास करत नाहीत. पाचजणी बसतात, एक मोठ्यानं म्हणते, बाकीच्या तिच्या चुका काढतात. त्यांचंही इंग्रजी काही विलायतेतलं नाही. दुसरं, आकृती. हृदय काढ, बाण दाखव, नावं लिही. पंधरा ओळी जिथे लिहिता येत नाहीत तिथे एक स्वच्छ आकृती उभी राहते. तिसरं, मागच्या पाच वर्षांचे पेपर घे आणि घड्याळ लावून लिही. वाचून नाही, लिहून. तुझं दुखणं लिहिण्याचं आहे. चौथं, ज्या बाईंना तू वॉर्डात आवडतेस त्यांना जाऊन सांग, माझं इंग्रजी अडतंय. लाज कसली? पेशंट नाही का आपल्याला नको नको ते सांगत?"

मुलगी हसली. वैनींनी मात्र भिंतीला टेकून सुस्कारा टाकला. "आणि तरीही नाही सुटला तर?"

हा प्रश्न रास्त होता. अक्कांनी लोट्यातली उरलेली कॉफी संपवली.

"मग जीएनएम," त्या म्हणाल्या. "मी जीएनएमच आहे, काही कमी पडलं का मला?"

जीएनएम म्हणजे तीन वर्षांचा डिप्लोमा. बारावीला इंग्रजी हवं आणि 40 टक्के, शाखा कुठलीही चालते. बीएस्सीला लागतात तसे फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी असलेच पाहिजेत असं नाही. इथे परीक्षा विद्यापीठाची नसते, कर्नाटकच्या डिप्लोमा नर्सिंग परीक्षा मंडळाची असते. तीन वर्षं झाली की राज्याच्या नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव लागतं, बीएस्सीवालीचं लागतं तसंच, रजिस्टर्ड नर्स आणि रजिस्टर्ड मिडवाइफ. पुढे हौस असली तर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवी घेता येते. मी तिथेच हिशोब केला. तीन आणि दोन, पाच. सरळ बीएस्सीपेक्षा एकच वर्ष जास्त.

"पण एक गोष्ट लक्षात ठेवा," अक्का वैनींकडे वळल्या. "बीएस्सीत घालवलेला काळ जीएनएममध्ये वळता होत नाही. पहिल्या वर्षापासून सुरुवात. 'थेट दुसऱ्या वर्षाला घालतो' असं कुणी म्हणालं तर चप्पल दाखवा."

मध्यंतरी जीएनएम बंद होणार, सगळ्या नर्सा पदवीधरच होणार, अशी जोराची हवा होती. दिल्लीच्या नर्सिंग कौन्सिलनं तसं ठरवलंही होतं. पण ते बारगळलं आणि जीएनएमचे वर्ग चालूच राहिले. अक्कांना तेव्हा जो राग आला होता तो अजून उतरलेला नाही. त्यांच्या मते देशातली निम्मी इस्पितळं जीएनएमच्या जिवावर उभी आहेत आणि हे दिल्लीला सोडून सगळ्यांना माहीत आहे. हा निम्म्याचा आकडा अक्कांचा आहे, सरकारी नाही.

त्याच्या खालची पायरी एएनएम. दोन वर्षं, फक्त मुलींसाठी, शिकवायला स्थानिक भाषाही चालते. वैनींनी नाक मुरडलं, म्हणजे मुरडल्यासारखं केलं.

"का हो?" अक्का म्हणाल्या. "नातवाला पोलिओचे डोस द्यायला दारात कोण आलं होतं? गरोदर बायकांची नोंद, लसी, घरोघरच्या खेपा, सगळा गाडा त्याच ओढतात. कर्नाटकात त्यांना आता प्राथमिक आरोग्य सुरक्षा अधिकारी म्हणतात. अधिकारी! आणि एएनएम होऊन नाव लागलं की पुढे जीएनएमला जायची वाट उघडी असते. हळूहळू चढायचं. हिला लेखी पेपर जड जातात, ही वाट हिला बंद नाही. पण माझं मत विचाराल तर हिला इतकं खाली उतरायची गरज नाही. फक्त एक पेपर आहे."

वैनींचा भाऊ कोल्हापूरला असतो. तो म्हणतो, इकडे पाठवून द्या, महाराष्ट्रात आपली माणसं, मराठीत बोलतील. वैनींना ते पटलंही होतं. अक्का मोठ्यानं हसल्या.

"तुमच्या भावाला सांगा, डोमिसाइल कुठलं? तिचा जन्म इथल्या चेलुवांबा हॉस्पिटलात, शाळा मैसूरची. महाराष्ट्रात सीमाभागातल्या 865 गावांच्या मुलांना धरतात आपलं म्हणून. मैसूर त्यात नाही हो! चामुंडीवर कुणी अजून हक्क सांगितलेला नाही."

हा टोमणा बेळगावच्या माणसानंच मारावा. मी मारला असता तर वाद झाला असता.

बोलता बोलता अक्का त्यांच्या आवडत्या विषयावर घसरल्या, म्हणजे इतिहासावर. नर्सिंगच्या पुस्तकात पहिल्या प्रकरणात एक नाव येतं, बाई काशीबाई गणपत. 1891 साली मुंबईत शिकायला आलेली पहिली भारतीय नर्स. मग पुण्याच्या रमाबाई रानडे. त्यांच्या सेवासदनानं विधवा, टाकलेल्या, घरात कोंडलेल्या बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं. तेव्हा परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा म्हणजे केवढा गहजब! त्या बायकांतल्या कितीतरी जणींची लिहायला-वाचायला शिकण्यापासून सुरुवात होती. "त्यांना कुणी म्हटलं असतं की इंग्रजी येत नाही, घरी जा, तर आज मी इथे कढीपत्ता खुडायला नसते," अक्का म्हणाल्या. इथल्या मिशन हॉस्पिटलाचंही त्यांना कौतुक. मंडी मोहल्ल्यातलं ते होल्ड्सवर्थ, 1906 सालचं. बायका-मुलांसाठी म्हणून सुरू झालेलं.

मी अक्कांना परत आजच्या दिवसात आणलं. कारण मला एक वेगळीच शंका होती. समजा मुलीला हॉस्पिटल आवडतं, पण नर्सिंगच नको झालं असेल तर? सगळ्यांनी का म्हणून चिकटून राहायचं?

अक्का गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. त्यालाही वाट आहे."

कर्नाटकात पॅरामेडिकल बोर्डाचे डिप्लोमा आहेत. ऑपरेशन थिएटर टेक्नॉलॉजी, डायलिसिस, एक्स-रे, लॅब. मैसूरला त्यासाठी बाहेर जायची गरज नाही. मेडिकल कॉलेज 1924 पासूनचं आणि त्याच्या जोडीला के. आर. हॉस्पिटल, शिकायला पेशंटांची कमतरता नाही. अक्कांचं म्हणणं, माणसाशी बोलायला आवडतं त्यानं लॅबमध्ये जाऊ नये, तिथे नळीतल्या रक्ताशी बोलावं लागतं. डायलिसिसला जावं. तेच पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा येतात, तासन्‌तास बसतात, घरचं सगळं सांगतात. मला हे फारसं पटलं नाही. माझी भाची लॅबमध्ये आहे आणि मजेत आहे, शिवाय तिला रात्रपाळी क्वचितच. पण अक्कांसमोर रात्रपाळीविरुद्ध बोलणं म्हणजे देवळात चपला घालून जाणं.

आणि मैसूरकरांच्या अगदी नाकासमोर असून न दिसणारी एक जागा आहे, मानसगंगोत्रीजवळचं स्पीच अँड हिअरिंग. 1965 पासून केंद्र सरकारचं. देशभरातून मुलं तिथे येतात, आणि आपण रोज त्याच्यावरून भाजीला जातो. श्रवणयंत्राचं तंत्र, कर्णबधिर मुलांना शिकवणं, वाचा-उपचार, असे कोर्स तिथे आहेत. बोलता न येणाऱ्या पोराच्या तोंडून पहिला शब्द बाहेर काढणं हीही शुश्रूषाच.

मुलगी हे सगळं ऐकत होती. म्हणाली, "आजी, मला नर्सच व्हायचंय."

"मग बाकीचं कशाला ऐकतेस? मोठ्या माणसांना बोलू दे, तू पाठ कर."

तरीही मोठी माणसं बोलत राहिली. वैनींनी फोन काढला आणि दोन निरोप दाखवले. पहिला पुण्याच्या चुलत जावेचा. जर्मनीत म्हणे शिकता शिकता पगार देतात. हे खोटं नाही. तिथे नर्सिंगचं तीन वर्षांचं प्रशिक्षण असतं, इस्पितळात काम करत शिकायचं आणि दरमहा पैसे मिळतात. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेम्बर्ग नावाच्या तिथल्या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करारही केला, त्यात नर्सिंग होतं. पण जर्मन भाषा बी-1, बी-2 पर्यंत पाहिजे. जिला इंग्रजीत मूत्रपिंड लिहिता येत नाही तिनं ते जर्मनमध्ये लिहायचं, असा सगळा बेत. "आधी एक परकी भाषा तर होऊ दे," अक्का म्हणाल्या. "तिकडे पेशंटचं बोलणं कळलं नाही तर औषध काय देणार? जायचंच असेल तर इथून नर्स होऊन, नाव लावून, मग ताठ मानेनं जावं. अर्धवट गेलं की माणूस एजंटाच्या हातात जातो."

दुसरा निरोप अधिक धोकादायक होता. एका 'इन्स्टिट्यूट'चा. रंगीत चित्र, पांढऱ्या कोटातली गोरी बाई, आणि मजकूर असा की सहा महिन्यांत नर्सिंग डिप्लोमा, नोकरीची शंभर टक्के हमी, नापास विद्यार्थ्यांना प्राधान्य. ते 'प्राधान्य' वाचून अक्कांचा आवाज चढला. तो रस्त्यापर्यंत गेला असणार, कारण पेपरवाले दोघे नवरे एकदम दारात आले.

"सहा महिन्यांत नर्स होत नाही! जीएनएमला तीन वर्षं, एएनएमला दोन, त्याच्या आत कौन्सिलच्या वहीत कुणाचं नाव लागत नाही. आणि वहीत नाव नाही ती नर्स नाही, मग टोपी घालो की कोट. उद्या चुकीचं इंजेक्शन दिलं तर त्या इन्स्टिट्यूटचा माणूस येणार आहे का उभा राहायला?"

इथे एक भेद करायला हवा, आणि अक्कांनी रागातही तो केला. थोड्या महिन्यांचे कोर्स सगळेच फसवे नसतात. जनरल ड्युटी असिस्टंट नावाचं काम खरं आहे, त्याचं सरकारमान्य कौशल्य-प्रमाणपत्रही आहे. 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर केंद्रानं अशाच छोट्या कोर्सांमधून एक लाख लोक तयार करायची योजना काढली होती, घरी जाऊन सेवा करणारे, नमुने घेणारे वगैरे. पेशंटला अंघोळ घालणं, कूस बदलणं, भरवणं, चालवणं, ही कामं तुच्छ नाहीत. मैसूरसारख्या पेन्शनरांच्या गावात तर अशी माणसं दिवा लावून शोधावी लागतात. कुवेंपुनगरला एकेका रस्त्यावर बघा, मुलं कॅलिफोर्नियात, आणि घरात दोन म्हातारी माणसं आणि एक तिसरी, त्यांना सांभाळणारी. पण ती सांभाळणारी नर्स नव्हे, नर्सच्या हाताखालची मदतनीस. पगार तसाच, कष्ट दुप्पट. जिला आपल्याला हे आयुष्य झेपेल का याचीच खात्री नाही, तिनं दोन-तीन महिने हे काम करून बघायला हरकत नाही. झेपलं तर जीएनएमचा फॉर्म भरावा. पण 'डिप्लोमा इन नर्सिंग' अशा नावाखाली हेच विकत असतील तर ती सरळ फसवणूक.

"आणि वैनी, कागद कुठेत?" अक्कांनी अचानक विचारलं.

"कसले?"

"दहावी-बारावीची ओरिजिनल. कॉलेजात ठेवून घेतलीत ना?"

वैनींचा चेहरा उतरला. घेतली होती. आणि उद्या कॉलेज सोडायचं म्हटलं तर चारही वर्षांची फी भरा, मग कागद न्या, असं त्या ऑफिसात कुणाकडून तरी ऐकलं होतं. ही धमकी बऱ्याच ठिकाणी देतात आणि आईबाप घाबरून गप्प बसतात. वास्तविक यूजीसीनं 2018 मध्येच सांगितलंय की मूळ प्रमाणपत्रं तपासून तिथल्या तिथे परत द्यायची, अडकवून ठेवायची नाहीत. माझे यजमान बँकेतले, त्यांनी लगेच सल्ला दिला. तोंडी भांडू नका, लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या, उत्तर आलं नाही तर विद्यापीठाला प्रत पाठवा. त्यांचा हा आयुष्यातला एकमेव गप्पांमधला उपयोगी हस्तक्षेप म्हणून मी इथे नोंदवून ठेवते.

तेवढ्यात वैनींचे यजमानही बायको एवढा वेळ कुठे गेली म्हणून आले. त्यांना सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगणं आलं. आठ वर्षांची मुदत ऐकून ते चक्रावलेच. "म्हणजे तिला घरी आणायचंच नव्हतं?" असं दोनदा विचारलं. मग त्यांची खरी अडचण बाहेर आली. पैसे. धाकटीची फी आणि थोरल्याचं घराचं कर्ज एकाच वर्षात आलं होतं, आणि नापासाच्या निमित्तानं एक खर्च कमी होईल असं मनात कुठेतरी वाटलं होतं. ते बोलताना त्यांनी मुलीकडे बघितलं नाही. मला या माणसाचा राग येत होता तो तिथे निम्मा झाला.

ठरलं ते असं. मुलगी सोमवारी हॉस्टेलला परत. सप्लिमेंटरीचा फॉर्म भरायचा. शनिवार-रविवारी घरी आली की दुपारी अक्कांकडे, घड्याळ लावून जुने पेपर. इंग्रजी माझ्याकडे, मी शाळेत शिकवलंय, त्यामुळे निदान प्रश्न वाचायला तरी शिकवीन. पुन्हा नाही सुटला तर पुढच्या जूनमध्ये जीएनएमला अर्ज, आणि त्यावर घरात रडारड करायची नाही. वयाची अट 35 पर्यंत आहे, हिचं अजून एकोणीसही पुरं नाही. सासूबाईंना स्थळांचं काय सांगायचं ते वैनींनी बघावं, त्यात आम्ही पडलो नाही.

आता तुमच्या गल्लीतही निकालानंतर अशी एखादी मुलगी किंवा मुलगा दार लावून बसला असेल. तुम्ही भिंतीवरून बोलणारच, तर आधी त्याचं मार्क्स कार्ड मागून घ्या. आणि नर्सिंगच्या नव्या कुठल्या कोर्सला पैसे भरायची वेळ आली तर तिथल्या माणसाला एकच गोष्ट विचारा: कोर्स संपल्यावर नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव लागेल, असं लेटरहेडवर लिहून देता का? तो लिहून देत नसेल, तर फी भरू नका.